कोल्हापूरला येताय? आधी वार बघा, मग गाडी काढा

आमच्या घरी वर्षभर पाहुणे येतात आणि सगळे रविवारीच येतात. पुण्याहून पहाटे निघायचं, दहाला मिसळ, अकराला अंबाबाईच्या रांगेत, तीनला तांबडा-पांढरा, चारला चपला, पाचला रंकाळ्यावर भेळ आणि सहाला परतीचा हायवे. सोमवारी फोन येतो, "सगळं छान झालं, पण गर्दी फार होती हो." आता रविवारी आलेल्या माणसाला काय सांगायचं? गर्दी तुम्हीच होता की!

हे गाव वारावर आणि तिथीवर चालतं. काय कुठे आहे ते मोबाईल दाखवतो, कधी आहे ते विचारायचं बहुतेकांना सुचतच नाही. इथे येऊन होणाऱ्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात.

वार न बघता येणं

मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, रविवार सगळ्या महाराष्ट्राचा. या तीन दिवशी मंदिरात निवांत दर्शन होईल अशी आशा ठेवू नका. रविवार जोतिबाचाही वार. डोंगरावर गुलाल उधळलेला असतो, पांढरा कुर्ता घालून गेलात तर गुलाबी होऊन उतरता. माघातल्या रविवारी खेट्यांना लोक चालत येतात आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, नाचतात. ते बघायलाच यायचं असेल तर जरूर या. पण "जाता जाता जोतिबा करू" म्हणून त्या दिवशी गाडी वर घातलीत तर संध्याकाळ घाटातच होईल.

सोमवारी मंदिर त्या मानाने मोकळं मिळतं, पण न्यू पॅलेस आणि टाउन हॉल ही दोन्ही म्युझियम बंद असतात. दारापर्यंत जाऊन परत आलेले पाहुणे मी मोजायचं सोडून दिलंय. न्यू पॅलेसची इमारत १८८४ मध्ये पूर्ण झाली, ती बाहेरून बघून फोटो काढता येतो. आत फोटोला मनाई आहे, तेव्हा गार्डशी हुज्जत घालू नका. टाउन हॉलच्या संग्रहातला पोसायडन मात्र चुकवू नये. ग्रीकांचा हा समुद्रदेव, छोटी ब्राँझची मूर्ती, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडली. समुद्र घाटाखाली आणि देव इथे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा व्यापार कुठवर पोचला होता, त्याचा पुरावाच तो.

माझं ऐकाल तर गुरुवारी दुपारी पोचा. दोन्ही म्युझियम त्याच दिवशी उरका, शुक्रवारी पहाटे उठून गर्दी जमायच्या आत दर्शन घ्या, दिवसभर बाजार करा आणि रात्री मंदिराच्या आवारात निघणारी पालखी बघून झोपा. रविवारीच आलात आणि रांग बघून धडकी भरली, तर मुखदर्शनाची वेगळी रांग असते. थोडं लांबून का होईना, देवी दिसते. मग मंदिराला बाहेरून एक सावकाश फेरी मारा. भिंतींवरच्या योगिनी आणि वाद्यं वाजवणाऱ्या बायका रांगेतल्या माणसाला कधीच दिसत नाहीत. गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा. महाद्वार रोडवर चारचाकी आणायचा विचारही नको.

किरणोत्सवाला एकच दिवस येणं

९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. या संध्याकाळी मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. निदान तसं व्हायला हवं. ढग आले, हवेत धूळ किंवा दमटपणा असला की किरणं वाटेतच फिकी पडतात. समोरच्या बाजूच्या इमारतींचाही अडथळा होतो. सगळा खेळ काही मिनिटांचा. त्यामुळे एकाच संध्याकाळसाठी मुंबईहून येणारा माणूस पुष्कळदा हिरमुसून जातो. दोन संध्याकाळी हातात ठेवा आणि आवारात सूर्यास्ताच्या चांगलं तासभर आधी पोचा.

नवरात्रातही असंच. लोक फक्त दसऱ्याला येतात आणि दसरा चौकात रात्री पोचतात. सीमोल्लंघन सूर्यास्ताच्या सुमाराला होतं. छत्रपती घराण्यातली मंडळी येतात, शमीपूजन होतं आणि पुढच्या क्षणी लोक सोनं लुटायला धावतात. चार वाजता जागा धरली नाहीत तर फक्त पाठी दिसतील. खरं तर मी पाहुण्यांना ललितापंचमीला बोलावते. त्या दिवशी अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कोहळा फोडला जातो आणि त्याच्या तुकड्यासाठी जी झुंबड उडते ती दसऱ्याच्या सोन्यालाही हार जाणारी नाही.

चप्पल "भाव पाडून" घेणं

इथे जरा थांबते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

नागपूरच्या नणंदेने चपला मागवल्या होत्या. मी घाईत एका दुकानातून घेतल्या, निम्म्या भावात मिळाल्या म्हणून खूश. पहिल्याच पावसात तळ फुगला आणि आतून पुठ्ठा बाहेर आला. नणंदेने फोटो पाठवला, खाली एक शब्द नाही. त्यानंतर मी चप्पल ओळखायला शिकले.

खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते. शिवण चामड्याच्या वादीची, खिळा नाही. हातात घ्या, उलटी करा, तळाच्या कडेला बघा. चामड्याचे थर स्पष्ट दिसले पाहिजेत, मधे करडा पुठ्ठा नको. वास घ्या. कच्च्या चामड्याचा उग्र वास नको असेल तर रेग्झिनची घ्या, पण मग कोल्हापुरी घेतली म्हणून सांगू नका. कापशी, कानवाली असे प्रकार विचारलेत तर दुकानदार सरसावून बसतो, कारण गिऱ्हाइकाला काहीतरी कळतंय हे त्याला समजतं.

माप ही दुसरी फसगत. शहरातली माणसं बुटासारखी ऐसपैस चप्पल घेतात आणि महिन्याभरात अंगठ्यातून पाय निसटायला लागतो. सुभाषनगरात एक कारागीर घरीच चपला करतात. त्यांनी माझा पाय धरून चपलेत बसवला तेव्हा मी कळवळले. ते म्हणाले, "वैनी, अंगठा घट्टच पायजे. चामडं हाय ते, पंधरा दिवसांत तुमच्या पायाचं हुतंय." तसंच झालं.

नवी चप्पल चावली तर ती खराब निघाली असं नाही. पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल तेल लावून रात्रभर ठेवा, आधी आठ दिवस घरातच अर्धा-अर्धा तास घाला. नवी घालून त्याच दिवशी पन्हाळा चढायला जाऊ नका. भिजली तर उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, चामडं तडकतं. सावलीत वाळवा आणि मग तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात तिला सुट्टी.

आणि "मूळची फक्त कोल्हापूरची" असा हट्टही नको. २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडच्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलीच चप्पल कोल्हापुरीचं नाव न घेता चालली, तेव्हा दोन्ही राज्यांतले कारागीर चिडले होते.

गुजरी, गूळ आणि "चटणी"

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कोल्हापुरी साज बघायला जाता तेव्हा सोन्याचा आणि एक ग्रॅमचा (सोन्याचा मुलामा दिलेला) फरक विचारून घ्या. लांबून दोन्ही सारखेच चमकतात. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, त्यामुळे वजन करताना लाख किती आणि सोनं किती हे बिलावर वेगळं लिहून घ्यायचं. साजाच्या २१ पानांत दहा अवतार, अष्टमंगल, माणिक-पाचूची दोन आणि एक ताईत असा हिशेब सांगतात. दुकानदाराला पानं मोजून दाखवायला सांगा, तो हौसेने दाखवतो.

गूळ घ्यायचा तर हिवाळ्यात घ्या, गुऱ्हाळं तेव्हाच पेटलेली असतात. फार पिवळाधमक, चकचकीत रवा (गुळाची ढेप) दिसला की पुढे सरका. रंग उजळायला पावडर टाकलेली असू शकते. जरा तपकिरी दिसणारा, नखाने सहज खरवडला जाणारा गूळ घरी न्या.

आणि किराणा दुकानात "चटणी द्या" म्हटलंत तर शेंगदाण्याची येणार नाही. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कांडलेलं तिखट. पाहुण्यांनी ती भाकरीबरोबर चमचाभर घेऊन तोंडात टाकल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. पाणी दिलं, मग दही दिलं, मग गूळ दिला.

"आम्हाला तिखट चालत नाही"

हॉटेलात बसल्या बसल्या हे जाहीर करू नका. पांढरा रस्सा तिखट नसतोच. मटणाचा अर्क, नारळाचं दूध, खसखस, काजू, एवढाच त्याचा जीव. सुरुवात त्याने करा, मग तांबड्याला हात घाला, आणि तोंड पोळलं की परत पांढऱ्यावर या. दोन वाट्या उगाच ठेवलेल्या नसतात. तांबड्याचा रंग बराचसा ब्याडगी मिरचीचा असतो, दिसतो तेवढा तो झोंबत नाही. "व्हेज कोल्हापुरी" मात्र मागू नका. ती मुंबई-पुण्याच्या मेनूकार्डावर जन्मली, आमच्या आईला ती माहीतही नाही. मिसळ सकाळीच खा, ती स्लाइस ब्रेडबरोबर येते. कट संपला तर मागून घ्या, लाजू नका.

संध्याकाळ रंकाळ्यावर घालवणं

रंकाळा छानच आहे. पण रोजचाच सूर्यास्त आणि तीच भेळ. त्याऐवजी अंधार पडायच्या सुमाराला गंगावेशीत जा. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, गवळी उकिडवा बसून धार काढतोय आणि तांब्यातलं दूध तुमच्यासमोरच उंच पेल्यात ओततोय. वर चार बोटं फेस. कोमट दूध, कच्चं, धारोष्ण. पेला दोन्ही हातांनी धरून एका दमात प्यायची रीत. सवय नसेल तर अर्धाच घ्या, पोटाचं बघून. तालमीतली पोरं लंगोट बदलून थेट इथे येतात, त्यांच्या मिशीवर पांढरी रेघ उमटते आणि ती पुसायची घाई कुणालाच नसते.

खासबागेत रोज कुस्त्या असतात असा एक गैरसमज आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये तयार झालेलं ते मैदान. कुठेही बसा, हौदा दिसतोच. पण मैदान भरतं ते ठरलेल्या तारखेला. रोजची कुस्ती तालमीत. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी. वस्तादांना विचारा, चपला बाहेर काढा आणि लाल मातीत पाय टाकू नका. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहात नाटक बघायचं ठरवून येणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. आमच्या आजीपासून सगळ्यांनी तिथे नाटकं बघितली. त्या रात्री खासबागेच्या भिंतीशी उभं राहून रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणि थंडीपासून मे महिन्यापर्यंत आलात तर शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. ही तालमींची नावं आहेत आणि संघांचीही. तुम्ही कोणत्या पेठेतल्या घरी उतरलाय ते मात्र स्टँडमध्ये बसण्याआधी सांगू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये न विचारता निघणं

पावसाळ्यात गाव हिरवंगार होतं आणि पंचगंगाही भरते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला आणि शेकडो गाड्या दोन्ही बाजूंना दिवसेंदिवस अडकून पडल्या. निघायच्या आदल्या रात्री बंधाऱ्याचा आकडा बघा, बातम्यांत असतोच. ३९ च्या पुढे गेला असेल तर बॅगा उतरवा. आणि आमच्याकडेच उतरणार असाल तर बघायचीही गरज नाही. त्या रात्री फोन मीच करते, येऊ नका म्हणून.