नवी आवृत्ती चालली की पडली? खपाचे आकडे वाचायला शिकणाऱ्यांसाठी

‘आजवरची सर्वात वेगाने खपलेली आवृत्ती’ असं कंपनीच्या पत्रकात दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो: खपली, पण कुणाकडे? टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या (टेबलाभोवती बसून, पुस्तकातल्या नियमांनी भूमिका वठवत खेळायच्या खेळांच्या) बाजाराचे आकडे तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या कामात नव्याने येणारी मंडळी बहुतेक स्वतः खेळणारी असतात. नियम सुधारले की बिघडले यावर ती तासभर भांडतील, पण खपाचा विषय निघाला की पहिल्या महिन्याचा मथळा पुढे करतात.

प्रकाशक माल वितरकाला देतो, वितरक दुकानदाराला, दुकानदार खेळणाऱ्याला. पत्रकातली ‘विक्री’ पुष्कळदा पहिल्याच पायरीवर मोजलेली असते. समजा दहा हजार प्रती छापल्या आणि सगळ्या वितरकांनी उचलल्या. प्रकाशकाचं गोदाम रिकामं, ‘पहिली छपाई संपली’ अशी बातमी तयार. त्यातल्या चार हजार अजून दुकानांच्या फळीवर असतील, तर ते बातमीतून कळत नाही. पुस्तकांच्या दुकानांना तर न खपलेला माल परत पाठवायची मुभा असते, म्हणजे आज जमेला धरलेली रक्कम पुढच्या वर्षी वजा होऊ शकते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (यापुढे डीअँडडी) काढणाऱ्या टीएसआर कंपनीला हाच फटका बसला. पुस्तकबाजारात त्यांचं वितरण रँडम हाउसकडे होतं. तिथून न खपलेला माल ढिगाने परत आला, आधीच कर्जात असलेली कंपनी कोलमडली आणि १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. तेव्हा उचल (वितरक-दुकानदारांनी घेतलेला माल) आणि उठाव (खेळणाऱ्यांनी घेतलेला माल) हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

आता आकडे मिळतात कुठून? खरं सांगायचं तर पूर्ण चित्र कुठेच मिळत नाही. बुकस्कॅन ही सेवा पुस्तकविक्रेत्यांच्या गल्ल्यावरची विक्री मोजतं, पण गेमची खास दुकानं त्यात जवळपास येत नाहीत आणि डिजिटल प्रती तर नाहीतच. आयसीव्ही२ हे व्यापारविषयक संकेतस्थळ दुकानदार, वितरक आणि प्रकाशकांशी बोलून क्रमवारी लावतं. त्यात क्रमांक असतो, प्रती नसतात. २०११ मध्ये पाथफाइंडर हा प्रतिस्पर्धी गेम त्या यादीत डीअँडडीच्या वर गेला, तेव्हा त्यावर फार गहजब झाला. पण डीअँडडीची चौथी आवृत्ती तेव्हा ऑनलाइन वर्गणीवरही पैसे मिळवत होती आणि तो पैसा दुकानदाराच्या हातातून जातच नव्हता. ॲमेझॉनवरचा क्रमांक दिवसातून अनेकदा हलतो. त्यावर मत बनवू नका, एवढंच पुरे.

हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीच्या तिमाही अहवालात उत्तर सापडेल अशी आशा नवखे धरतात. विझार्ड्स १९९९ पासून हॅस्ब्रोकडे आहे, पण अहवालात तिचा विभाग मॅजिक या पत्त्यांच्या खेळासकट आणि डिजिटल परवान्यांसकट एकत्र येतो. २०२३ मध्ये डीअँडडीवर बेतलेला व्हिडिओ गेम बाल्डर्स गेट ३ तुफान चालला, त्याचं परवाना शुल्कही त्याच बेरजेत. त्या विभागाची वाढ बघून ‘नवी आवृत्ती चालली’ म्हणणं धाडसाचं आहे. शिवाय हॅस्ब्रोने २०२२ मध्ये १४ कोटी ६३ लाख डॉलरना डीअँडडी बियाँड हे डिजिटल व्यासपीठ विकत घेतलं. तेव्हापासून डिजिटल प्रत थेट कंपनीकडून घेता येते आणि त्या विक्रीचा मागमूस बाहेरच्या कुठल्याही यादीत लागत नाही.

मग मी काय बघते? पुस्तकांमधलं प्रमाण. चार-पाच जणांच्या टेबलावर खेळाडूंचं पुस्तक दोघे-तिघे घेतात, कधी एकच प्रत फिरते. गेम मास्टरचं (खेळ चालवणाऱ्याचं) पुस्तक, राक्षसांचं पुस्तक आणि तयार साहसकथा घेणारा बहुधा एकटाच असतो. म्हणून खेळाडूंच्या पुस्तकाचा खप कुतूहल किती आहे ते सांगतो. बाकीच्या पुस्तकांचा खप टेबलं किती लागली ते सांगतो. पहिलं जोरात गेलं आणि नंतर आलेल्या साहसकथा पडून राहिल्या, तर लोकांनी पुस्तक संग्रहात ठेवलं आणि जुन्याच नियमांनी खेळत राहिले असा संशय घ्यायला जागा आहे. दुकानदाराशी बोलायची संधी मिळाली तर ‘किती गेली?’ असं विचारू नका. ‘दुसऱ्यांदा ऑर्डर कधी दिलीत, आणि कोणत्या पुस्तकाची?’ असं विचारा. पहिल्या ऑर्डरमागे अंदाज असतो. दुसरी ऑर्डर गिऱ्हाइकामुळे जाते.

प्रमाण काढताना तारखा जुळवून घ्याव्या लागतात, आणि इथे चांगले चांगले घसरतात. २०१४ मध्ये पाचव्या आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक ऑगस्टमध्ये आलं, राक्षसांचं सप्टेंबरमध्ये आणि गेम मास्टरचं डिसेंबरमध्ये. २०२४ च्या सुधारित पुस्तकांचा क्रम वेगळा होता: सप्टेंबरमध्ये खेळाडूंचं, नोव्हेंबरमध्ये गेम मास्टरचं, आणि राक्षसांचं थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये. दोन्ही वर्षांची शेवटची तिमाही शेजारी ठेवली तर वेगवेगळ्या पुस्तकांची तुलना होते. प्रत्येक पुस्तकाचा पहिला आठवडा म्हणजे एक, असं धरून पुढे मोजायचं.

आणि वाट बघायची. चौथी आवृत्ती २००८ मध्ये आली तेव्हा सुरुवातीचा उठाव चांगला होता. तरी जानेवारी २०१२ मध्ये तिच्या जागी नवी आणण्याची घोषणा झाली. पाचवी आवृत्ती मात्र पहिल्या उसळीनंतर बसली नाही. लोक खेळताना बघण्याचे कार्यक्रम लोकप्रिय झाले आणि तिचा बाजार वर्षानुवर्षं वाढत गेला. पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती तर आणखी मजेशीर आहे. ती आली २०१९ मध्ये. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्सने खुल्या परवान्याच्या (ज्यावर इतर प्रकाशक डीअँडडीचे नियम वापरत) अटी बदलायचा घाट घातल्यावर चिडलेले खेळाडू तिकडे वळले आणि आठ महिन्यांसाठी ठेवलेला रूलबुकचा साठा दोन आठवड्यांत संपला, असं पाथफाइंडर काढणाऱ्या पायझोनेच सांगितलं. ही उसळी आवृत्तीच्या गुणाची की प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची? दोन्हीची. अहवालात मात्र हे दोन भाग वेगळे दाखवता आले पाहिजेत. त्यासाठी त्याच लोकांनी वर्षभराने पुढची पुस्तकं घेतली का, हे बघावं लागतं.

क्राउडफंडिंगच्या आकड्यांनाही हीच कसोटी लावा. अवतार लेजेंड्स या रोलप्लेइंग गेमने २०२१ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर ९५ लाख डॉलरच्या आसपास जमवले, ८१ हजारांहून जास्त पाठीराख्यांकडून. रक्कम खरी आहे, पण अशा मोहिमेत सर्वात उत्सुक गिऱ्हाईक आधीच पैसे देऊन मोकळं झालेलं असतं, म्हणून दुकानातल्या खपाचा अंदाज त्यावरून बांधू नये.

नोकरीच्या चाचणीत हमखास एखादी नवी आवृत्ती देऊन ‘यशस्वी की नाही?’ असं विचारतात. एका शब्दात उत्तर देणारे उमेदवार मी बाजूला ठेवते. कोणत्या पायरीवरची विक्री मोजली आहे, कोणती वाट मोजलीच गेली नाही, आणि प्रकाशकाची स्वतःची अपेक्षा काय असावी, हे लिहिणारा उमेदवार मला हवा असतो. शेवटचा मुद्दा फार थोडे जण लिहितात. चार माणसांच्या प्रकाशनाला वर्षभर पोसणारा खप हॅस्ब्रोच्या अहवालात तळटीपेपुरताही उरणार नाही.