कटसीन आवडत नाहीत? मग निदान या चुका तरी टाळा

मुंबईत लॅमिंग्टन रोडला व्हिडिओ गेमच्या सेकंडहँड डिस्क बघायला गेलो की शेजारी उभा राहिलेला कोणी ना कोणी दुकानदाराला हेच विचारत असतो: ‘स्टोरी एक नंबर पाहिजे, पण ते मधे मधे पिक्चर लागतो ना, तसलं नको.’ दुकानदार हाताला लागेल ती डिस्क पुढे करतो. पंधरा दिवसांनी तीच डिस्क त्याच काउंटरवर परत येते, आणि शेरा ठरलेला असतो, ‘बोअर आहे.’

हा मधला पिक्चर, जो आपण खेळायचं थांबवून नुसता बघायचा, तो म्हणजे कटसीन. त्याचा कंटाळा असणाऱ्यांना कथाप्रधान गेम मानवतात का? माझ्या मते मानवतात, आणि काही गेम तर त्यांच्यासाठीच केल्यासारखे आहेत. पण या मंडळींच्या चार-पाच ठरलेल्या खोडी आहेत. त्यातल्या दोन इतक्या वेळा पाहिल्यात की आता चिडायचाही कंटाळा आलाय.

दिसला सीन की दाब बटण

माझ्या भाच्याचं उदाहरण देतो. बारावी संपली आणि त्याने रेड डेड रिडेम्प्शन २ घेतला. पीसीवर त्याला १५० जीबी जागा लागते. दहिसरच्या त्यांच्या घरी दोन रात्री डाउनलोड चालू होतं, आणि माझी ताई ‘तुझ्या गेमपायी माझी मालिका अडकते’ म्हणून दोन्ही रात्री ओरडत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

‘मामा, फालतू गेम आहे. नुसता बर्फ. घोड्यावर बसायचं आणि कोणाच्या तरी मागे जायचं.’

‘कोणाच्या मागे?’

‘काय माहीत. टोपीवाला आहे एक.’

‘आणि बर्फात का आलात तुम्ही?’

‘ते सुरुवातीला होतं काहीतरी. स्किप केलं.’

बर्फात का आलो तेच स्किप केल्यावर बर्फाशिवाय दिसणार काय? १८९९ साल आहे, ब्लॅकवॉटरचा दरोडा फसलाय, टोळी डोंगरात पळून आलीय, माणसं उपाशी आहेत, एक जण मरायला टेकलाय. एवढं कळलं की तो बर्फ अंगावर येतो. नाही कळलं तर तो पांढरा पडदा आहे.

खरी गंमत पुढे आहे. या गेममधली निम्मी गोष्ट घोड्यावर बसून सांगितली जाते. कंट्रोलर तुमच्या हातात, घोडा तुमच्या ताब्यात आणि बाजूला माणसं बोलतायत. म्हणजे भाच्याला हवं होतं अगदी तसंच. पण सुरुवातीच्या सीनमध्ये कोण कोणाचा ते त्याने पाहिलंच नव्हतं, त्यामुळे घोड्यावरच्या गप्पा म्हणजे लोकलच्या डब्यातली अनोळखी लोकांची बडबड झाली. जे आवडलं असतं तेही त्याने स्वतःच मारून टाकलं.

त्यात स्टीमचा, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा नियम: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. नियम चांगलाच आहे, मीही वापरलाय. पण घाई करणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘दोन तासांत गेमने मला पटवायचं’ असा लावलाय. सावकाश खेळलं तर या गेमचा बर्फसुद्धा दोन तासांत सरत नाही.

माझी सवय सांगतो, शास्त्र वगैरे नाही. नवीन गेमचा पहिला तास स्किपच्या बटणाला हात लावायचा नाही. तासाभराने स्वतःला विचारायचं, तीन माणसांची नावं सांगता येतात का? आणि आत्ता आपण कुठे आणि कशाला चाललोय? आली उत्तरं, तर पुढे खुशाल स्किप करा, मी काही म्हणणार नाही. नाही आली तर गेम तुमचा नाही, द्या परत.

आधीच स्किप करून बसला असाल तर दुरुस्तीही आहे. या गेममध्ये आपण ज्याला खेळवतो त्या आर्थरच्या झोळीत एक डायरी असते. जे घडेल ते तो त्यात लिहितो, चित्रंसुद्धा काढतो. मी भाच्याला फोनवरच ती उघडायला लावली. द विचर ३ मध्ये लोडिंगच्या वेळी नायकाचा शाहीर मित्र डँडेलियन मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. लोक तेवढ्या वेळात मोबाइल बघतात. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकच्या मेनूत आधीच्या भागाचा सारांश पाहायची सोय आहे, आणि तरीही मला मेसेज येतात, ‘हा मुलगा याचा कोण?’

थांबवायला गेलो आणि सीनच उडवला

ही चूक माझी. पीएस४ वर, म्हणजे प्लेस्टेशन ४ वर, एक गेम लावला होता. नाव घेत नाही, कारण दोष त्याचा जेवढा तेवढाच माझा. चाळीसेक तास घालून झाले होते. आमच्याकडे परळला तेव्हा पाणी पहाटे साडेचारला यायचं. म्हणून मी रात्रभर खेळत बसलो तर आई काही बोलायची नाही, कारण पिंप लावायला आयता माणूस जागा असायचा. त्या पहाटे, ज्यासाठी सगळा अट्टहास केला ते गुपित फुटणार, तो सीन सुरू झाला. म्हातारा पात्र खुर्ची ओढून बसला, म्हणाला, ‘तुझ्या बापाबद्दल एक सांगायचं राहिलं.’ आणि मोरीतून आई: ‘अरे, पाणी आलं, नळी लाव!’

मी ऑप्शन्सचं बटण दाबलं. सगळीकडे त्याने गेम थांबतो. इथे सीनच उडाला. क्षणभर पडदा काळा झाला, आणि पुढे बघतो तर म्हाताऱ्याला पुरून लोक घरी चालले होते. बापाचं काय ते राहिलंच. ऑटोसेव्ह, म्हणजे गेम आपोआप करतो तो सेव्ह, पुढे गेलेला, आणि माझा स्वतःचा सेव्ह तीन तास मागे. पिंप मात्र भरलं.

त्या दिवसापासून प्रत्येक नव्या गेमच्या पहिल्याच कटसीनला, जिथे गमावण्यासारखं काही नसतं, मी मुद्दाम बटण दाबून बघतो. थांबलं का? स्किप विचारून झालं का न विचारता? एकदाच करायचं आणि लक्षात ठेवायचं. शिवाय मोठ्या मिशनच्या आधी हाताने वेगळा सेव्ह. ऑटोसेव्हवर विसंबणारे लोक विना छत्री जुलैत बाहेर पडतात, असं माझं निरीक्षण आहे.

सीन चालू ठेवून उठून गेलात आणि निसटला, तर पीएस४ मागची १५ मिनिटं आपोआप रेकॉर्ड करत असतो. परत आल्याआल्या शेअर बटण दाबून क्लिप सेव्ह करा आणि निवांत बघा. काही गेममध्ये कथेच्या सीनचं रेकॉर्डिंग बंद ठेवलेलं असतं, तिथे इलाज नाही. आणि स्किप झालेलं अर्थातच रेकॉर्ड होत नाही.

बाकीच्या, पटापट

कटसीन लागला म्हणून कंट्रोलर गादीवर ठेवून चहा घ्यायला जाऊ नका. २००५ च्या रेसिडेंट ईव्हिल ४ मध्ये चाकूच्या झटापटीच्या सीनमध्येच बटणं दाबायला सांगतात, तोवर तुम्ही मेलेले असता. (२०२३ च्या नव्या आवृत्तीत ती झटापट सरळ खेळायलाच दिलीय. शहाणपण उशिरा आलं, पण आलं.)

स्किप होत नाही म्हणून बटण बडवू नका. कधी कधी सीनच्या मागे लोडिंग चालू असतं. पहिल्या मास इफेक्टमधल्या रटाळ लिफ्ट त्यासाठीच होत्या.

आधी ‘पूर्ण स्टोरी वीस मिनिटांत’ छापाचा व्हिडिओ बघून मग गेम घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

कथा म्हणजे कटसीन, हा गैरसमज

दुकानात डिस्क परत येते ती बहुतेक याच्यामुळे. तुम्हाला गोष्टीचा कंटाळा आहे, की हातातला कंट्रोलर काढून घेतल्याचा राग आहे? बहुतेकांना राग असतो आणि ते त्याला कंटाळा म्हणतात. तसं असेल तर मेटल गिअर सॉलिड ४ च्या वाटेला जाऊ नका. त्याच्या शेवटाला तासाभराहून जास्त वेळ जवळपास नुसतं बघत बसायचं आहे. मला तो आवडतो, पण मी माणूसच तसा आहे.

उलट १९९८ चा हाफ-लाइफ घ्या. सुरुवातीला ट्रामने कामावर जाता, आणि तिथपासून कॅमेरा कायम तुमच्या डोळ्यांत. दुसऱ्या भागात काही ठिकाणी खोलीत अडकवून माणसं बोलत बसतात, पण तेवढ्यात तुम्ही त्यांचं सामान उचलून फेकू शकता. पुष्कळांचं तेवढ्यानेच समाधान होतं. हेडीसमध्ये मेलात की घरी परत, आणि घरातल्या प्रत्येकाकडे बोलायला काहीतरी नवीन. मरण्याने गोष्ट पुढे सरकते. २०१८ च्या गॉड ऑफ वॉरमध्ये होडी वल्हवताना सोबतचा मिमिर जुन्या कथा सांगतो. किनाऱ्याला लागलात की मधेच थांबतो, परत होडीत बसलात की तिथूनच पुढे. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी हा गेम आहे. त्यात तुम्ही पळता-लढता आणि वरून दुर्गा आणि विष्णू तुमच्याबद्दल बोलत असतात.

डिस्को एलिझियममध्ये कटसीन जवळपास नाहीत, पण वाचायला ढीगभर आहे. ‘कटसीन नको’ म्हणणाऱ्याला तो डोळे झाकून देऊ नका, शिव्या खाल. मी खाल्ल्यात.

पंखा

हे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. निम्म्या लोकांना कटसीन आवडत नाही, कारण त्यांना ऐकूच येत नाही. वर पंखा पाचवर, खाली रिक्षा, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. पात्र कुजबुजतं ते जातं, आणि पुढच्या क्षणी स्फोट झाला की घरातले उठतात. मग माणूस आवाज बारीक करतो आणि काही कळत नाही म्हणून स्किप करतो. गेम सुरू झाल्यावर आधी ऑडिओच्या सेटिंगमध्ये जा. संवादाचा आवाज पूर्ण, संगीत निम्म्यावर, आणि ‘नाइट मोड’ असा पर्याय असेल तर तो लावा, त्याने बारीक आणि मोठ्या आवाजातली दरी कमी होते. सबटायटल चालू आणि अक्षरं मोठी. गादीवरून पडदा आठ फुटांवर असतो, टेबलावरून दोन फुटांवर नव्हे.

भाच्याने शेवटी रेड डेड पूर्ण केला नाहीच. या मे महिन्यात आमच्याकडे राहायला आला तेव्हा मी त्याला रिटर्न ऑफ द ओब्रा डिन लावून दिला. १८०७ साल, रिकामं परतलेलं जहाज, ६० माणसं, प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं ते आपण शोधायचं. अंधारात चार वाक्यं ऐकू येतात, मग त्या माणसाच्या मरणाच्या क्षणाचं गोठलेलं दृश्य, त्यात आपण हिंडायचं. तीन उत्तरं बरोबर आली की गेम पक्की करतो. पहिल्या संध्याकाळी त्याने अंदाजपंचे नावं टाकत बसायचा शॉर्टकट काढला. मी काही बोललो नाही. दोन बरोबर आली, तिसरं काही केल्या जुळेना.

दुसऱ्या दिवशी ताईच्या जुन्या वहीत त्याने रकाने आखले होते: खलाशांच्या झोपायच्या झोळीचा नंबर, बूट, बोलण्याची ढब. एक आवाज तो पाचव्यांदा ऐकत होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं, मी पेपर वाचत लोळलो होतो.

‘मामा, पंखा बंद कर ना जरा. हा खलाशी काय बोलतो ते कळत नाहीये.’