अपघाती मृत्यूची भरपाई आणि दारात आलेले घेणेकरी

पतसंस्थेच्या वसुलीत माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे समोरची बाजू काय करते ते मला ठाऊक आहे. कर्जदार अपघातात गेला की दहाव्याच्या आत त्याच्या घरी जायचं, हा धंद्यातला अलिखित नियम. घरात रडारड चालू असताना सही चटकन मिळते. म्हणून आधी हेच सांगतो: कुठल्याही कागदावर सही नको, अंगठा नको. ‘वहिनी, नुसतं बाकी मान्य असल्याचं पत्र आहे,’ असं म्हणतील. नवऱ्याचं कर्ज बायकोच्या गळ्यात घालायला पुढं तेच पत्र वापरतात.

आता भरपाईचा हिशेब बघा. समजा, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारा माणूस, वय ३८, पगार महिना १५,०००. पाळी संपवून येताना ट्रकनं उडवला. मागं विड्या वळणारी बायको, दोन पोरं, म्हातारी आई. मोटार अपघात न्यायाधिकरण पगारात पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतं, २१,००० होतात. मागं चौघं आहेत, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, राहिले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. या वयाला गुणक (वयानुसार ठरलेला, वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा) १५, म्हणजे २८,३५,०००. हा पैसा मयताचा नाहीच. त्याच्या जिवावर जगणाऱ्यांचं जे बुडालं त्याची ही भरपाई, त्यामुळे त्याच्या कर्जापोटी ती मागता येत नाही.

निकालात ‘इस्टेटीचं नुकसान’, म्हणजे मयताच्या स्वतःच्या मालमत्तेचं नुकसान, असंही भरपाईचं एक कलम असतं. प्रणय सेठी खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं ते १५,००० ठरवलं, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ धरून. घेणेकऱ्यानं भरपाईतून काही मागायचं तर एवढ्याच कलमावर बोट ठेवता येईल. अठ्ठावीस लाखांत ते किती, बघा.

त्याच्या नावावरचं घर, रिक्षा, बँकेतली शिल्लक यांचं मात्र वेगळं. वारसांनी त्याचं जेवढं घेतलं तेवढ्यापुरतं कर्ज त्यांच्याकडून वसूल होतं, त्यापुढं नाही. ‘बापाचं कर्ज पोरानं फेडायचं’ हा हिंदू कायद्यातला जुना दंडक सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना लागू नाही.

खरी अडचण जामीनदाराची. बायको जामीनदार किंवा सहकर्जदार असेल, नाहीतर बचत गटाचं कर्ज तिच्याच नावावर असेल, तर ते तिचं स्वतःचं देणं. मग भरपाई तिच्या खात्यात आली की वसुलीवाला तिथवर पोचू शकतो. कर्जाच्या फाइलची नक्कल मागा आणि प्रत्येक सही कुणाची ते बघा. भरपाईसाठी नवं खातं काढा, ज्या बँकेचं कर्ज आहे तिथं नको. न्यायाधिकरण बराचसा पैसा मुदत ठेवीत ठेवायला सांगतं, तेव्हा बायका कुरकुरतात. पण कोर्टाच्या परवानगीशिवाय ती ठेव मोडता येत नाही, तिच्यावर कर्जही निघत नाही. घिरट्या घालणाऱ्या पाहुण्यांना सांगायला हे उत्तर फार कामाला येतं.

दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावा. लोकअदालतीत मिटवत असाल तर वकिलांना सांगा, पुरशिसमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) ठोक रक्कम लिहू नका. अवलंबितांचे किती, इस्टेटीचे किती आणि कुणाचा हिस्सा किती, हे फोडून लिहा. ठोक आकड्यावर उद्या कुणीही वाद घालतो.

बिगरपरवाना सावकार दमदाटी करत असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. चिठ्ठी, वही, फोनवरचे मेसेज जपून ठेवा.

आणि एक गोष्ट वसुलीवाले आपणहून कधीच सांगत नाहीत. कर्ज हातात पडलं त्या दिवशीचा हिशेब काढा. त्यात विम्याचा हप्ता कापलेला दिसला तर कर्जावर विमा उतरवलेला असणार. आधी तो दावा लावायला सांगा, बाकीचं बोलणं मग.