नवशिक्या ट्रेडरने या चुका टाळा: आधी क्वांटिटी, मग एंट्री

ट्रेडिंग शिकायला लागलं की पहिला प्रश्न असतो, "घ्यायचं कधी?" चार्ट आणि इंडिकेटर पालथे घालण्यात महिने जातात. खातं मात्र रिकामं होतं ते "किती घ्यायचं" हे न ठरवल्यामुळे. 10 टक्के तोटा भरून काढायला साधारण 11 टक्के नफा पुरतो. 50 टक्के गेले, तर उरलेल्या पैशांवर 100 टक्के कमवावे लागतात.

क्वांटिटी अशी काढा. खात्यात 1,00,000 आहेत आणि एका ट्रेडमध्ये 1 टक्का, म्हणजे 1,000 गमवायची तयारी आहे. शेअर 250 ला घ्यायचाय, स्टॉपलॉस (भाव इथवर पडला की तोटा घेऊन विकायची ऑर्डर) 240 ला. एका शेअरमागे जोखीम 10, म्हणून 100 शेअर. पैशांत 400 बसतात, तरी 100च.

"माझा स्टॉपलॉस लागतो आणि भाव लगेच वर जातो," ही तक्रार फार ऐकू येते. शेअर रोज सहज 8 ने वरखाली होत असेल आणि तुम्ही 247 ला स्टॉपलॉस लावला, तर तो लागणारच. जवळचा स्टॉपलॉस लावला की 333 शेअर घेता येतात, मोह तिथेच होतो. स्टॉपलॉस चार्ट बघून ठरवा. तो 230 ला योग्य वाटत असेल, तर शेअर 50 घ्या.

ठरवलेला स्टॉपलॉस खाली सरकवणं ही माझी जुनी चूक. भाव 241 वर आला की बोट आपोआप ऑर्डर बदलायला जायचं: 236, मग 231, शेवटी ऑर्डरच रद्द. अ‍ॅव्हरेज करणं, म्हणजे पडत्या भावात आणखी शेअर घेऊन सरासरी खाली आणणं, हा त्याचाच भाऊ. वरच्या उदाहरणात 240 ला आणखी 100 शेअर घेऊन स्टॉपलॉस 230 ला नेला, तर 1 टक्क्याचा ट्रेड 3 टक्क्यांचा होतो.

स्टॉपलॉस म्हणजे हमी नव्हे, हेही समजून घ्या. 15 जानेवारी 2015 रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे किमान 1.20 फ्रँकची मर्यादा अचानक काढून टाकली. फ्रँकचा भाव असा उडाला की स्टॉपलॉस असलेले सौदेही ठरल्या भावापासून फार लांब सुटले. कित्येकांची शिल्लक शून्याखाली गेली. 20 पट लेव्हरेज घेतलं, म्हणजे स्वतःच्या पैशांच्या 20 पट मोठा सौदा केला, तर 5 टक्क्यांची उलटी चाल सगळी मार्जिन (त्या सौद्यासाठी तुम्ही ठेवलेले पैसे) खाते.

सतत ट्रेड करत राहू नका. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची 66,465 कुटुंबांची खाती तपासली होती. 1991 ते 1996 या काळात बाजाराने वर्षाला 17.9 टक्के दिले, सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांच्या हाती 11.4 टक्के पडले.

डेमो (खोट्या पैशांच्या) खात्यावर सराव करताना रक्कम तेवढीच ठेवा जेवढी खरोखर लावणार आहात.

आणि वही ठेवा. एंट्री, स्टॉपलॉस, क्वांटिटी, एक्झिट यांच्या पुढे एक रकाना आखा: "स्टॉपलॉस हलवला का?" 30 ट्रेड झाले की फक्त "हो" लिहिलेल्या ओळींची वेगळी बेरीज करा. माझ्या वहीत जवळपास सगळा तोटा त्याच ओळींत निघाला होता.