सोलापुरात पर्माकल्चरचा मळा सुरू करताय? या चुका टाळा

पर्माकल्चर म्हणजे निसर्गाची रचना बघून झाडं, पिकं, पाणी आणि माती यांची एकत्र, टिकाऊ आखणी करायची शेतीपद्धत. तिचं नाव काढलं की डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहतं. वर नारळ, मध्ये केळी-पपई, खाली हळद आणि वर्षभर ओलसर पालापाचोळा. हे चित्र कोकणातलं किंवा केरळातलं आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेत येतो. सरासरी पाऊस साधारण 550 ते 700 मिलिमीटर, जूनमध्ये थोड्या सरी, जुलै-ऑगस्टमध्ये लांबलेली उघडीप आणि खरा पाऊस सप्टेंबरात. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 1970च्या दशकात ऑस्ट्रेलियात ही पद्धत मांडली, तेव्हा 'आधी जागा नीट बघा, मग आखणी करा' हाच तिचा पाया होता. आपल्याकडे लोक नेमकी ही पायरी गाळतात आणि थेट चित्र उचलून आणतात. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

पाणी न मोजता क्षेत्र ठरवणं

'बोअरला दोन इंची पाणी लागलंय' हे वाक्य ज्या दिवशी बोअर पाडला त्या दिवसापुरतं खरं असतं. आपल्याखाली काळा बसाल्ट आहे. पाणी वरच्या कुजलेल्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत साठतं, आणि मार्चनंतर झपाट्यानं उतरतं. म्हणून मोजायचं ते एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये. दोनशे लिटरचं बॅरल घ्या, मोटर सुरू करा आणि बॅरल किती मिनिटांत भरतं ते बघा. मग मोटर चालू ठेवून दोन तासांनी पुन्हा मोजा. दुसरा आकडा खरा धरायचा. विहीर असेल तर ती उपसून रात्रभरात किती फूट चढते ते बघा. विहिरीत हिस्सा असेल, तर तुमच्या पाळीचे तास किती हे जमीन घेण्याआधीच स्पष्ट करून घ्या.

आता हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात भाजीपाल्याला रोज सहा-सात मिलिमीटर पाणी लागतं. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर, म्हणजे रोज सहा-सात हजार लिटर. ठिबक आणि आच्छादन असेल तर यात बचत होते, पण पाणी निम्म्यावर येईल असं धरून आखणी करू नका. मेमध्ये तुमचा बोअर दिवसाला चार हजार लिटरच देत असेल, तर उन्हाळ्यातलं तुमचं माळवं पाच-सहा गुंठ्यांचं. बाकीची जमीन कोरडवाहू पिकाला किंवा झाडांना. पाच एकर घेतले म्हणून पाचही एकर मळा करायचा हट्ट धरला, तर पाणी सगळीकडे अर्धवट पडतं आणि एकही वाफा धड येत नाही.

शेततळ्याचंही तसंच. उथळ आणि पसरट तळ्यातून एप्रिल-मेमध्ये रोज सात-आठ मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं. तेवढ्याच मातीकामात तळं खोल करा, पसरट नको. मुरमाड जागेत अस्तर नसेल तर दिवाळीपर्यंत तळ दिसायला लागतो.

काळ्या रानात समपातळी चर

परदेशी व्हिडिओत हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे समपातळीवर खोदलेला चर आणि त्याच्या बांधावर झाडं. हलक्या, मुरमाड, उताराच्या माळावर हे फार छान चालतं. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात सलग समतल चर वर्षानुवर्षं खोदले जात आहेत. पण खोल काळ्या जमिनीत गणित उलटं होतं. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली झाली की फुगून भेगा बंद करते. मग पाणी मुरायचा वेग अगदी कमी होतो. सप्टेंबरात एका रात्रीत मोठा पाऊस झाला की चरात पाणी आठवडाभर उभं राहतं, बांधावरच्या पपई आणि शेवग्याची मुळं कुजतात, आणि जिथे उन्हाळी भेग राहिली होती तिथून बांध फुटतो. फुटलेल्या बांधाचं पाणी एकाच जागेतून धावतं आणि एका रात्रीत घळ पाडतं.

म्हणून भारी जमिनीत ढाळीचे बांध घालतात. शंभर मीटर लांबीला 20 ते 40 सेंटीमीटर ढाळ द्यायचा आणि टोकाला गवत लावलेली सांडवाट ठेवायची. जादा पाणी सावकाश चालत शेततळ्याकडे जातं. रब्बी ज्वारीच्या रानात पावसाळ्यात छोटे बंदिस्त वाफे पाडायची रीतही आपलीच आहे. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात 1930च्या दशकापासून अशाच प्रश्नांवर काम चाललेलं आहे. पर्माकल्चरचं पुस्तक वाचण्याआधी तिथे एक चक्कर मारा, असं मी कळकळीनं सांगेन. तुमच्या रानात माती किती खोल आहे हे कळायला फार काही लागत नाही. तीन-चार ठिकाणी कमरेइतके खड्डे घ्या आणि मुरूम कुठे लागतो ते बघा. एकाच एकरात एका कोपऱ्यात दीड फुटावर मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाच फूट काळी माती असं सर्रास असतं. आखणी त्या खड्ड्यांवरून ठरवा.

हरळीवर पुठ्ठे अंथरणं

न नांगरता गवतावर पुठ्ठा, त्यावर खत, त्यावर पाला अशी 'नो-डिग' पद्धत आपल्याकडे हरळी, कुंदा आणि लव्हाळा यांच्यापुढे टिकत नाही. पुठ्ठा वाळवी खाते, हरळी बाजूनं शिरते आणि तुम्ही घातलेल्या खतावर जोमानं वाढते. सहा महिन्यांनी वाफा उपसून काढावा लागतो.

पहिल्या वर्षी एकदा खोल नांगरट कराच. एप्रिलमध्ये नांगरून ढेकळं उन्हात तापू द्या, काशा (हरळी-कुंद्याची जमिनीतली खोडं) वेचून रानाबाहेर काढा, पुन्हा कुळवाची एक पाळी घाला, पुन्हा वेचा. पावसावर दाट ताग पेरा आणि फुलोऱ्यात येताना मोडून टाका. लव्हाळा असेल तर गाठी धरायच्या आत सारखा उपटत राहावं लागतं, त्याला जवळचा रस्ता नाही. कायमचे वाफे त्यानंतर पाडा. माती न उलटण्याचा नियम तिथून पुढे पाळा, तेव्हा त्याचा फायदा दिसेल.

वाफ्याच्या उंचीबद्दलही एक सांगायला हवं. उंच गादीवाफे पावसाळ्यात भारी जमिनीला योग्य आहेत, कारण पाणी निथळतं. हलक्या रानात उन्हाळ्यासाठी तेच उंच वाफे कडेनं वाळतात, आणि मेथी कडेला उगवतच नाही. तिथे सपाट किंवा जरा खोलगट वाफा हवा.

आच्छादन चुकीच्या वेळी, चुकीच्या मालाचं

कोरड्या मातीवर जाड आच्छादन टाकलं तर जूनच्या हलक्या सरी पाल्यातच जिरतात. माती आधी नीट भिजू द्या, मग झाका. सप्टेंबरच्या झडीत रोपाच्या बुंध्याभोवतीचा पाला वीतभर मागे ओढा, नाहीतर बुंधा कुजतो.

कडबा आच्छादनाला वापरू नका. तो चारा आहे आणि महाग आहे. उसाचं पाचट जिल्ह्यात मुबलक मिळतं, तुरीच्या तुराट्या असतात, आणि बांधावर गिरिपुष्प लावलं तर दुसऱ्या वर्षापासून कापायला पाला मिळतो. पाचट मातीत गाडू मात्र नका. ते कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. वरच ठेवा. वाळवी लागली म्हणून घाबरू नका, ती मुख्यतः मेलेला माल खाते. तहानलेल्या रोपाला मात्र ती लागते, म्हणजे वाळवी दिसली की आधी ओल तपासा.

फक्त जीवामृतावर भिस्त

दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि दोनशे लिटर पाणी: एकराचं हे प्रमाण आता गावोगाव पाठ आहे. जीवामृतानं मातीतले जीव वाढतात. पण महिन्याला एक पीक काढणाऱ्या भाजीच्या वाफ्याची भूक त्यानं भागत नाही. दहा गुंठ्यांना वर्षाला दोन-अडीच टन कुजलेलं शेणखत धराच. ताजं शेण टाकलं तर त्यामागोमाग हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. आपल्याकडे कंपोस्टचा ढीग उन्हानं वाळून जातो, म्हणून ते खड्ड्यात, झाडाच्या सावलीत आणि वरून झाकून करा. आणि मेंढपाळ तुमच्या भागात येत असतील तर पडीक तुकड्यात चार रात्री मेंढरं बसवा. याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

पानं पिवळी का पडतात?

नवशिक्यांचा हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर म्हणून सगळे आणखी पाणी देतात. आधी कुठली पानं पिवळी आहेत ते बघा.

खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. उसात यालाच केवडा म्हणतात. आपल्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या आहेत. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही, आणि जास्त पाण्यानं हा त्रास वाढतो. तेव्हा पाणी कमी करा आणि संध्याकाळी हिराकसाची (फेरस सल्फेट) हलकी फवारणी करा (दहा लिटर पाण्याला 50 ग्रॅम, सोबत 25 ग्रॅम चुना). हिराकस मातीत नुसता टाकला तर वाया जातो, शेणखतात मुरवून टाका. असल्या जमिनीत संत्रं-मोसंबीच्या नादी लागू नका. चुना आहे की नाही हे बघायला ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं की समजा.

पानांच्या कडा करपत असतील आणि वाफ्यावर पांढरा थर दिसत असेल, तर पाण्यात क्षार आहेत. पाण्याच्या तपासणीत विद्युत वाहकतेचा आकडा बघा: 0.75 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत असेल तर चिंता नाही, 3 च्या वर गेला तर बहुतेक भाज्या तक्रार करतात. घेवडा, गाजर आणि कांदा लवकर हार मानतात, पालक आणि बीट तग धरतात. ठिबकनं क्षार ओल्या गोलाच्या कडेला साचतात, आणि पहिली हलकी सर ते मुळांकडे ढकलते. म्हणून त्या सरीच्या वेळी ठिबक चालू ठेवा. पावसात पाणी कशाला, असं वाटेल, पण रोपं त्यामुळेच वाचतात.

टोमॅटोची फुलं एप्रिलमध्ये गळतात ती उष्णतेनं. त्यावर औषध नाही, हंगाम बदला.

एकाच पावसाळ्यात सगळी झाडं

रोपवाटिकेत हात सुटतो. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्याला 15-20 लिटर पाणी लागतं. शंभर रोपं म्हणजे दोन हजार लिटर, तेही माळव्याचं पाणी आटत असताना. दोन उन्हाळे जगवता येतील तेवढीच लावा. बुंध्याजवळ मडकं पुरून त्यात पाणी भरलं तर निम्म्या पाण्यात काम भागतं. सीताफळ, बोर, कवठ, चिंच, आवळा ही आपल्या मुरमाची झाडं आहेत. डाळिंब सोलापूरचंच, 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण दाट झाडीच्या मध्ये ते लावू नका. कोंदट ओलाव्यात तेल्या रोग बळावतो. डाळिंबाला मोकळी, हवेशीर जागा द्या. शंका असल्यास केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारा.

सगळ्यात आधी पश्चिमेचा वारा अडवा. जून-जुलैचा वारा कोवळी रोपं झोडपतो. हादगा, शेवगा आणि गिरिपुष्पाची ओळ पहिल्याच वर्षी घाला, पण भाजीच्या वाफ्यापासून आठ-दहा फूट सोडून.

आणि कुंपण. नान्नज, वडाळा, मार्डी भागात काळवीट आणि रानडुकरं रोजची आहेत. वाफे पाडल्यावर कुंपणाचा विचार करणाऱ्याचं पहिलं पीक जातंच. काळवीट संरक्षित आहे आणि माळ हे त्याचं घर आहे, तेव्हा त्याला इजा करणारं काही लावू नका. उंच जाळी आणि दाट काटेरी कुंपण पुरतं.

विकायचं कुठे हे शेवटी ठरवणं

बारा प्रकारच्या भाज्यांच्या दोन-दोन किलोच्या पिशव्या घेऊन मार्केट यार्डात गेलात तर भाव मिळणार नाही. तिथला लिलाव एकसारख्या, मोठ्या मालाचा असतो. मिश्र मळ्याला थेट गिऱ्हाईकच हवं. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत वीस-पंचवीस घरं आठवड्याला ठरावीक वारी भाजी घेणारी मिळाली, तर दहा गुंठ्यांचा मळा चालतो. आधी घरं शोधा, ती काय खातात ते विचारा, मग पेरा.

ब्रोकोली आणि लेट्यूसच्या मागे लागण्याआधी शहराकडे बघा. इथे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं शेजारी राहतात. अंबाडीला पूर्व भागातल्या तेलुगू घरांत कायम मागणी असते, शेपू, चुका, राजगिरा, घोळ, कोवळी करडई हातोहात जाते. यातल्या बऱ्याच भाज्या कमी पाण्यातही येतात. मेथी 25 ते 30 दिवसांत निघते, कोथिंबीर 40 ते 45. पण एकदम दोन गुंठे मेथी पेरली तर सगळी एकाच दिवशी तयार होते आणि अर्धी गुरांना जाते. दर दहा दिवसांनी एक वाफा पेरा.

सणांचं वेळापत्रक पेरणीच्या वहीत आधी लिहा. आषाढीला रताळी हवीत, म्हणजे वेल फेब्रुवारी-मार्चमध्येच लावलेले हवेत आणि त्यांना उन्हाळाभर पाणी राखून ठेवलेलं हवं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आणि भोगी एकत्र येतात. भोगीच्या भाजीला गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे आणि वांगी लागतात, आणि त्या दोन दिवसांत ही भाजी एकत्र देणाऱ्याशी गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. गाजर नव्वद ते शंभर दिवसांचं, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरायचं. हरभराही तेव्हाच, आणि वांग्याची रोपं सप्टेंबरात लागलेली हवीत. तेव्हा ऑगस्टच्या शेवटी पेरलेली मेथी सप्टेंबर संपायच्या आत काढा, म्हणजे गाजराला वाफा मोकळा मिळेल.