इंग्लंडमधलं मध्ययुगीन चर्च कसं वाचावं

थेट आत शिरू नका. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. वेदी पूर्वेला, टॉवर बहुधा पश्चिमेला आणि वापरातलं दार बहुतेक दक्षिणेला, एवढं ध्यानात ठेवलं की दिशांचा घोळ होत नाही. सोबत दुर्बीण आणि टॉर्च हवा.

सुरुवात खिडक्यांपासून करा. जाड भिंतीत छोटी, गोल कमानीची खिडकी म्हणजे नॉर्मन शैली, साधारण 1066 ते 1190. उंच, अरुंद, वर टोकदार असेल तर अर्ली इंग्लिश, अंदाजे 1275 पर्यंत. कमानीत दगडी जाळी वर्तुळं किंवा ज्वाळांसारखी वळणं घेत असेल तर डेकोरेटेड. आणि जाळीच्या उभ्या पट्ट्या सरळ वर जाऊन कमानीला भिडत असतील तर पर्पेंडिक्युलर. ही शैली चौदाव्या शतकाच्या मध्यापासून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. अर्ली इंग्लिशपासूनची तिन्ही नावं इंग्लिश वास्तुविशारद थॉमस रिकमनने 1817 मध्ये रूढ केली.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते: खिडकीचं वय भिंतीला चिकटवलं जातं. पैसा आला की गावकरी जुन्याच भिंतीत नवी, मोठी खिडकी बसवत. सफोकमधल्या लॅव्हनम आणि लाँग मेलफर्डला तर लोकरीच्या कापडाच्या पैशावर जवळजवळ अख्खं चर्चच नव्याने उभं राहिलं. म्हणून चौकटीभोवतीचे सांधे पाहा. दगडाचा रंग बदलतोय का, शेजारी बुजवलेल्या कमानीचा तुकडा दिसतोय का? टॉवरच्या पूर्व अंगावर तिरक्या रेघा दिसल्या तर त्या बहुधा जुन्या, जास्त उतरत्या छपराच्या खुणा असतात.

आता टॉर्च. भिंतीवर समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ समांतर धरा. तिरक्या उजेडात दगड घडवणाऱ्याच्या हत्याराचे घाव उठून दिसतात. दक्षिण दाराजवळ मधोमध भोक आणि त्यातून खाली फाकलेल्या रेघा सापडल्या तर ते सूर्यघड्याळ, प्रार्थनेची वेळ बघायचं. ते उत्तरेच्या भिंतीत किंवा उलटं सापडलं, तर तो दगड दुसरीकडून काढून इथे बसवलेला आहे.

कोरीवकामात दुसरा सापळा एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीचा. नागमोडी नक्षीचा प्रत्येक दगड हुबेहूब सारखा आणि कडा धारदार असतील तर आधी शंका घ्या. जुन्या कामात मापं थोडी हलतात, एखादा दगड जागेत बसवायला आक्रसलेला असतो. अस्सल नमुना पाहायचा तर हेरफर्डशरमधलं किलपेकचं चर्च गाठा, साधारण 1140 चं. छपराखालच्या तोड्यांपैकी, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या आधाराच्या दगडांपैकी, एकावर कुत्रा आणि ससा गळ्यात गळा घालून बसल्यासारखे दिसतात. हा एक तोडा निवांत पाहिला तरी फेरी वसूल.

आत बाप्तिस्म्याच्या कुंडाचा काठ तपासा. समोरासमोर दोन ठिकाणी तुटकं किंवा ठिगळ दिसलं तर तिथे झाकणाच्या कुलपाचे कोयंडे होते. पवित्र पाण्याची चोरी होऊ नये म्हणून 1236 मध्ये कुंडं कुलूपबंद ठेवण्याचा आदेश निघाला होता. वेदीच्या दक्षिणेला भिंतीत छोटं कोनाडं आणि त्यात वेदीवरची भांडी धुतलेलं पाणी जायला भोक असतं. तसंच कोनाडं बाजूच्या भिंतीत आढळलं तर तिथेही एकेकाळी वेदी होती.

मुख्य दालन आणि वेदीचा भाग यांच्यामधल्या लाकडी पडद्यावर रंगवलेल्या संतांचे फक्त चेहरे खरवडलेले दिसले तर तो वाळवीचा किंवा ओलीचा दोष समजू नका; सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात ते मुद्दाम बिघडवले गेले. वेदीजवळच्या आसनांच्या फळ्या बिजागरीवर असतील तर परवानगी घेऊन दोन्ही हातांनी हळू उचला. कोरीवकाम खालच्या बाजूला असतं.