इंजिनमधून आवाज येतोय? गॅरेजला जायच्या आधी एवढं बघून घ्या

गाडीतून नवीन आवाज यायला लागला की आपण सरळ गॅरेज गाठतो आणि "इंजिनमधून कसलातरी आवाज येतोय" एवढंच सांगतो, मग तिथे अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातात आणि बिल आपल्या माथी. आवाज कसा आहे याच्यापेक्षा तो नक्की कधी येतो ते आधी शोधा, अर्धं काम तिथेच होतं.

सगळ्यात पहिलं म्हणजे गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. रेसबरोबर आवाज वाढला तर तो इंजिनचा किंवा इंजिनवर फिरणाऱ्या पार्टचा. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालताना स्पीडबरोबर वाढतोय तर टायर, व्हील बेअरिंग, ब्रेक असलं काहीतरी, मग बॉनेट उघडून उपयोग नाही. त्यानंतर एसी चालू-बंद करून बघा, फरक पडला तर कॉम्प्रेसर नाहीतर बेल्ट. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबताना फिरणारं बेअरिंग), मुंबईत एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये कायम क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्यांचं ते लवकर जातं. उलट क्लच दाबल्यावर घरघर थांबली तर गिअरबॉक्सचं बेअरिंग.

आता ऑईल, आणि हे खरंच मनापासून सांगतोय, ऑईल बघितल्याशिवाय कुणालाही इंजिन खोलू देऊ नका. गाडी सपाट जागेवर लावा (सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प चालणार नाही), इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, पूर्ण आत घालून परत काढा. ऑईल दोन खुणांच्या मधे पाहिजे. कमी असेल तर वरच्या बाजूने येणारी टकटक त्याच्यामुळेच असू शकते, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑईल टाकून परत ऐका. काळं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका पण दुधाळ दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट गेलंय, गाडी टो करूनच न्या. सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-चार सेकंद टकटक येऊन गेली तर चालतं, रात्रभरात ऑईल खाली उतरलेलं असतं. इंजिन गरम झाल्यावरही राहिली तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे पार्ट) चेक करून घ्या, हायड्रॉलिक म्हणजे ऑईलच्या दाबाने आपोआप ॲडजस्ट होणारे टॅपेट असतील तर त्यांना सेटिंग नसतं हे लक्षात ठेवा.

सीएनजीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. गॅसवर गेल्यावर बारीक टिकटिक येते ती बहुतेक गॅसच्या इंजेक्टरची असते, नॉर्मल आहे. पण फ्लायओव्हर किंवा खंडाळा घाट चढताना वरच्या गिअरमध्ये जोर दिला की जी कडकड येते ती नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन चुकीच्या वेळी आपोआप पेटणं. आधी गिअर खाली टाकून बघा, गेली तर इंजिन गिअर मागत होतं. तरी पेट्रोलवर येते आणि गॅसवर जाते? गॅसचा ऑक्टेन (नॉकिंग रोखायची ताकद) पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो म्हणून असं होतं, म्हणजे नॉकिंगच नक्की, मग आत साचलेला कार्बन, प्लग आणि इंजिन जास्त तापतंय का ते बघायला सांगा.

पावसाळ्यात सकाळी स्टार्टला जो चीं चीं आवाज येतो तो बेल्टचा. बाटलीतून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी मारा, हात, ओढणी, सैल बाही बेल्टपासून लांब ठेवून हं. आवाज क्षणभर गेला तर पुली सरळ रेषेत नाही किंवा बेल्ट घासलाय, वाढला तर बेल्ट ढिला. टाळू नका, तुटला तर बॅटरी चार्ज होणार नाही आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच्यावरच चालतो.

ठराविक रेसलाच पत्रा वाजल्यासारखी खडखड आली तर सायलेन्सरवरचं हीट शिल्ड (उष्णता अडवणारा पत्रा), गाडी थंड असताना हाताने ठोकून बघा, क्लॅम्प टाकला की झालं. आयडलला अख्खी गाडी थरथरते आणि रेस दिली की शांत होते तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबर. थरथरीबरोबर चेक इंजिन लाईट ब्लिंक होतेय तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये, तशीच चालवली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाईनमधला धूर साफ करणारा पार्ट) खराब करतं.

आणि खालून जड ठक ठक येतेय, रेसबरोबर वाढतेय, वर ऑईलचा लाल दिवा लागलाय तर तिथल्या तिथे इंजिन बंद, ईस्टर्न एक्सप्रेसवर असाल तरी बाजूला घेऊन बंद. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारूच नका, इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या इन्शुरन्समध्ये हा खर्च सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं.

गॅरेजला जाताना मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून न्या, थंड इंजिनचा वेगळा, गरमचा वेगळा, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून एक राऊंड मारा. आवाज फक्त सकाळच्या स्टार्टलाच येत असेल तर गाडी आदल्या रात्रीच त्याच्याकडे ठेवा, सकाळी पहिला स्टार्ट त्याच्यासमोर करा, आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या.